साहित्याला समाजाचा आरसा म्हणायला लागले कधीपासून?

साहित्य हा समाजाचा आरसा, हे वाक्य निबंधात इतक्यांदा लिहिलंय की ते कायमच होतं असं वाटतं, पण एखाद्या देशाचं साहित्य वाचलं की तो देश कळतो ही कल्पना जेमतेम अडीचशे वर्षांची आहे. त्याआधी युरोपात चांगलं साहित्य म्हणजे ग्रीक-लॅटिन नमुन्यांत बसणारं, मग देश कुठलाही असो. हर्डर या जर्मन विचारवंताने म्हटलं की लोकांचा स्वभाव त्यांच्या भाषेत आणि गाण्यांत असतो, आणि १७७८-७९ मध्ये वेगवेगळ्या लोकांची गाणी जमवून छापली. १८०० मध्ये फ्रान्सच्या लेखिका मादाम द स्ताल यांनी धर्म, कायदे, रीतीभाती यांचा साहित्यावर आणि साहित्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो हे मांडलं, हे उलट बाजूचं आपण विसरूनच जातो. १८६३ च्या सुमारास तेन या फ्रेंच समीक्षकानं साहित्य घडतं ते वंश, परिसर आणि काळ यांतून असं सूत्र दिलं, त्यातलं वंशाचं मला अजिबात पटत नाही.

उलट बाजू, म्हणजे साहित्याने समाज कसा घडतो हे बघायचं तर फिनलंड बघा. १८०९ पर्यंत स्वीडनकडे, मग रशियाकडे, शिकलेल्यांची आणि सरकारी कामाची भाषा स्वीडिश, फिनिश आपली शेतकऱ्यांची. लोनरोट नावाचा डॉक्टर पायपीट करत सीमेपलीकडच्या कारेलियात गेला, तिथं १८३४ मध्ये आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा म्हातारा त्याच्यापुढे दोन दिवसांहून जास्त गात बसला, आणि असल्या सुट्या गाण्यांना लोनरोटने स्वतः जोडून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य काढलं, १८४९ ला वाढवून २२,७९५ ओळींचं केलं. म्हणजे ते जसंच्या तसं कुणी गायलेलं नव्हतंच! तरी फिनिश लोकांनी त्यात स्वतःला पाहिलं, भाषेला मान आला, आणि स्वतंत्र देश झाला तो १९१७ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर ८२ वर्षांनी.

आणि आरसा धरणारा काय दाखवतो तेही बघावं लागतं. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे, १८१९ च्या आवृत्तीत तिथं सावत्र आई आली, घराघरात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात सख्खी आई अशी चालण्यासारखी नव्हती. हे कळल्यापासून जुनं पुस्तक हातात घेतलं की मी आधी आवृत्ती कुठली ते बघते.