काटे-चमचे, चांदीचे जुने : प्रतिकृती व फेरफार

जुने म्हणून विकल्या जाणाऱ्या चांदीच्या काट्या-चमच्यांत मूळ वस्तूंखेरीज तीन प्रकार आढळतात. जुन्या नमुन्याबरहुकूम पुढील काळात उघडपणे घडविलेली ती प्रतिकृती. खोटे छाप मारलेली किंवा मूळ वस्तूवरून साचा घेऊन ओतलेली ती बनावट. आणि खऱ्या जुन्या वस्तूचा आकार, नक्षी वा उपयोग मागाहून बदलला असेल, तर ती फेरफार केलेली वस्तू होय. प्रतिकृतीवर बहुधा तिच्या स्वतःच्या काळाचे छाप असतात. काही नमुने तर मूळ कारखान्यातूनच पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिले (उदा., गोरहॅम या अमेरिकन कंपनीचा १८९५ मधील ‘शांतिली’), त्यामुळे तेथे प्रश्न खरे-खोटेपणाचा नसून केवळ कालनिश्चितीचा असतो. पारख सर्वांत कठीण होते ती तिसऱ्या प्रकाराची, कारण तीत चांदी जुनी असते, छापही खरे असतात आणि तरीही समोरची वस्तू मूळ कारागिराने घडविलेली नसते.

या अडचणीचे मूळ हॉलमार्कच्या, म्हणजे परीक्षण कचेरीत धातूचा कस तपासून मारलेल्या अधिकृत छापाच्या, स्वरूपात आहे. इंग्लंडमध्ये चांदीच्या कसासाठी बिबळ्याच्या शिराचा छाप १३०० च्या कायद्याने ठरविण्यात आला. लंडनमध्ये वर्षदर्शक अक्षर १४७८ पासून व चालत्या सिंहाचा छाप १५४४ पासून मारला जाऊ लागला. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. १६९७ ते १७२० या काळात मात्र ९५८ भागांहून किंचित अधिक कसाची सक्ती होती. १७८४ ते १८९० या काळातील वस्तूंवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचे वा राणीचे शिर आढळते. हे सर्व छाप परीक्षणाच्या दिवशीचा धातूचा कस सांगतात. त्यानंतर त्या धातूला कोणता आकार मिळाला, याची ग्वाही ते देत नाहीत.

फेरफारांपैकी चमच्याचा काटा करणे हा प्रकार अभ्यासकांनी सर्वाधिक चर्चिलेला आहे. अठराव्या शतकातील चमचे विपुल प्रमाणात उरले, त्या मानाने काटे, विशेषतः तीन दात्यांचे, थोडे उरले. दाते झिजतात, वाकतात, आणि झिजलेला काटा मोडीत जातो. साहजिकच काट्यांचा भाव चढा राहिला आणि मोठ्या चमच्याची वाटी कापून दाते काढण्याची किंवा वाटी काढून टाकून दात्यांचा नवा भाग डाखाने जोडण्याची प्रवृत्ती वाढली. मूळ काट्याचे दाते जाड धातूतून घडविलेले असतात. वाटी आधीच ठोकून पातळ झालेली असल्यामुळे तिच्यातून काढलेले दाते चपटे व लवचिक राहतात. वाटीच्या पाठीमागे दांड्याची जी जिभेसारखी उंचवट्याची खूण असते, तिचा अवशेषही कधीकधी काट्यामागे राहून जातो. जोड दिलेला असल्यास त्या जागी श्वास सोडताच डाखाची रेघ क्षणभर उमटते. छापांची जागाही पाहावी लागते. साधारणतः १७८१ पर्यंत लंडनचे छाप दांड्यावर वाटीच्या जवळ मारले जात, त्यानंतर ते दांड्याच्या वरच्या टोकाकडे सरकले. पहिल्या पद्धतीत छाप मारल्यावर दांडा पुन्हा ठोकून सरळ करावा लागे, म्हणून खऱ्या छापांतही थोडा ताणलेपणा असतो. मात्र तो प्रमाणाबाहेर असल्यास दांडा नंतर ओढला गेल्याची शंका घेता येते.

ही रूपांतरे केव्हा झाली, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार, काट्यांचा वापर वाढला तेव्हा घरोघरच्या मालकांनीच जुने चमचे असे बदलून घेतले. दुसऱ्या मतानुसार, संग्राहकांची मागणी वाढल्यावर संच पुरे करण्यासाठी व्यापाऱ्यांनी ही कामे करून घेतली. तीन दात्यांच्या काट्यांपुरते तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. केवळ काटा हवा असणाऱ्याला चांदी वितळवून तो नव्याने घडवून घेता येत होता. जुने छाप जपून वस्तू बदलण्यात लाभ त्यालाच, ज्याच्या लेखी जुनेपणालाच किंमत आहे.

याच जातीचे इतर फेरफारही नोंदवले पाहिजेत. साध्या जॉर्जकालीन (इंग्लंडच्या जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातील, १७१४–१८३०) चमच्यांच्या वाटीत फळांची उठावाची नक्षी काढून, वर सोन्याचा मुलामा देऊन केलेले ‘बेरी’ चमचे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असावेत. नक्षी काढताना नवे छाप मारले जात नसल्याने त्यांचा काळ शैलीवरूनच अजमावावा लागतो. त्यांना बनावट म्हणणे सयुक्तिक नाही, कारण ती त्या काळची उघड आवड होती. चहाच्या साध्या चमच्याला छिद्रे पाडून व दांड्याला अणकुची देऊन केलेला चहाचा गाळ काढण्याचा चमचा मात्र फसविण्यासाठीच घडविलेला असतो. साध्या टोकाच्या जुन्या चमच्यावर मागाहून ख्रिस्ताच्या प्रेषिताची (पट्टशिष्याची) मूर्ती बसवून ‘अपॉसल’ चमचा केल्याचीही उदाहरणे आहेत. तेथे जोडाचा प्रकार निर्णायक ठरतो : लंडनच्या कारागिरांचा जोड बहुधा पाचरीसारखा खाच पाडलेला असे, तर प्रांतिक कारागिरांचा एकावर एक तिरका बसवलेला असे. लंडनच्या अशा जुन्या चमच्यांत बिबळ्याचे शिर वाटीच्या आत व इतर छाप दांड्याच्या पाठीमागे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील हानाऊ येथे जुन्या धर्तीचे कल्पित छाप मारून जे सामान तयार झाले, ते मात्र छापांवरूनच ओळखता येते.

ओतीव बनावटीत मूळ चमच्यावरचे छापही साच्यातून उतरतात. अशा छापांच्या कडा बोथट असतात, तळाशी बारीक दाणे वा खड्डे दिसतात, आणि दांड्याला घडीव चांदीसारखा लवचिक ताण नसतो. संचातील प्रत्येक वस्तूवर छाप अगदी त्याच जागी व त्याच ओरखड्यासह असणे ही ओतकामाची खूण मानली जाते. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस अनेक छाप एकाच ठशात बसवून मारण्याची रीत आली. त्यामुळे छापांमधील परस्पर अंतर सारखे असणे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोष व झीज सारखी असणे मात्र जवळपास निर्णायक आहे.

इंग्लंडमध्ये खोट्या छापांसाठी १७५७–५८ च्या कायद्याने देहदंड ठेवला होता. १७७३ मध्ये त्याऐवजी चौदा वर्षांची हद्दपारी आली. आज १९७३ चा हॉलमार्किंग कायदा लागू असून, छाप असलेल्या वस्तूत परीक्षण कचेरीच्या संमतीवाचून भर घालणे वा बदल करणे हा गुन्हा आहे. संशयित वस्तू गोल्डस्मिथ्स कंपनी या लंडनच्या सुवर्णकार-संघाच्या जुन्या चांदीविषयक समितीपुढे तपासल्या जातात.

क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने (क्ष-किरण टाकल्यावर धातूतून बाहेर पडणाऱ्या किरणांवरून) वस्तू न कापता घटक मोजता येतात. जुन्या चांदीत सोने, शिसे व बिस्मथ यांचे अल्प अंश असतात. विद्युत्‌विच्छेदनाने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळपास नसतात. डाखात कॅडमियम आढळल्यास जोड अलीकडचा ठरतो. अर्थात जुनी चांदी वितळवून ओतली असेल, तर या चाचणीचा उपयोग नाही, आणि तापवणे व आम्लाने धुणे यांमुळे पृष्ठभागावर चांदीचे प्रमाण वाढत असल्याने वरवरचे माप फसवे ठरू शकते.

अमेरिकेत बॉल्टिमोरचा काही काळ सोडता सरकारी परीक्षण नव्हते, म्हणून तेथे पारख कारागिराच्या नावाच्या छापावर अवलंबून राहते आणि अठराव्या शतकातील बोस्टनचा चांदी-कारागीर पॉल रिव्हिअर याच्यासारख्या प्रसिद्ध नावांचे खोटे छाप आढळतात. आद्याक्षरे घासून काढणे हा तेथील व इंग्लंडमधील सर्वांत साधा फेरफार होय. अंगठ्याने दाबल्यास तेवढी जागा पातळ जाणवते. सुऱ्यांच्या बाबतीत मूठ जुनी व पाते नवे असणे इतके सामान्य आहे, की गंजरोधी पोलादाचे पाते १९१३ नंतरचे, एवढे सांगून पारखी सहसा पुढे जातात.