शून्य म्हणजे झालं: स्टोअर्ड प्रोसीजरच्या रिटर्न कोडची पार्श्वभूमी

फोंडा, डिचोली, म्हापसा इथल्या पतसंस्थांत संध्याकाळी पिग्मी एजंट आपली छोटी मशीन घेऊन काउंटरवर येतात. दिवसभर दुकानदारांकडून, मासळीवाल्या बायकांकडून गोळा केलेली रक्कम मशीनमधून संगणकात चढते. ती खात्यांवर घालायचं काम अनेक ठिकाणी डेटाबेसमधली स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेला छोटा प्रोग्राम, करते आणि शेवटी एक पूर्णांक परत देते. हाच रिटर्न कोड. ० म्हणजे झालं, दुसरं काही आलं तर फसलं.

बार्देशातल्या एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पाहिलं, की प्रोसीजर नेमाने −१ परत देत होती, पण तिला बोलावणारा प्रोग्राम तो आकडा घेतच नव्हता. पडद्यावर ‘जमा झाले’ उमटायचं. पासबुक भरायला आलेल्या खातेदाराने विचारलं तेव्हा कुठे घोळ उघड झाला. असे घोळ नेहमी नवख्या पोरांच्या माथी मारले जातात, ते मला पटत नाही. याचं मूळ बरंच मागे, १९६०च्या दशकात आहे.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टममध्ये एक रिवाज पडला: काम संपवताना प्रोग्रामने रजिस्टर १५ मध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका ठरलेल्या खणात, आकडा ठेवायचा. ०, ४, ८, १२, १६ असे चाराच्या पटीतले आकडे असत, कारण ब्रँचची, म्हणजे दुसरीकडे उडी घ्यायची, सूचना ४ बाइटांची होती. आलेला आकडा थेट अशा सूचनांच्या तक्त्याच्या पत्त्यात मिळवून पुढच्या वाटेवर उडी घेता येई. ४ हा साधारणपणे इशारा, ८ म्हणजे चूक, १६ म्हणजे काम मधेच बंद पडलं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमने पुढे हेच साधं केलं: ० यश, बाकी सगळं अपयश. यश एकाच प्रकारचं असतं आणि अपयशाची कारणं अनेक, म्हणून शून्य यशाला दिलं हे शहाणपणाचंच. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी राहिली. हा आकडा म्हणजे रजिस्टर टपालाची पोचपावती. ती उघडून बघायची सक्ती कोणावरच नाही.

एसक्यूएल या डेटाबेसांशी बोलायच्या भाषेत आयबीएमच्याच डेटाबेसांतून एसक्यूएलकोड आला: ० ठीक, +१०० म्हणजे ओळ सापडली नाही, उणे आकडा म्हणजे चूक. अडचण अशी, की उणे आकडे ज्याचे त्याचे. एकाच किल्लीची नोंद दुसऱ्यांदा घालायला गेलात तर डीबी२ −८०३ म्हणतं, ओरॅकल १, एसक्यूएल सर्व्हर २६२७ आणि मायएसक्यूएल १०६२. एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणकाने यावर पाच अक्षरांचं एसक्यूएलस्टेट पुढे केलं. त्यातली पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात, उरलेली तीन तपशील. २३ हा वर्ग दिसला की नियमभंग झालाय हे कुठल्याही डेटाबेसवर कळावं. १९९९ च्या प्रमाणकातून एसक्यूएलकोड वगळलाच गेला.

आपल्या पिग्मीच्या प्रोसीजरचा थेट पूर्वज मात्र सायबेस ही डेटाबेस कंपनी. १९८७ च्या त्यांच्या एसक्यूएल सर्व्हरने स्टोअर्ड प्रोसीजर लोकप्रिय केल्या आणि त्यांना ‘रिटर्न’ने एक पूर्णांक परत द्यायची सोय ठेवली. ० ते −९९ हे आकडे सायबेसने स्वतःसाठी राखले: −१ म्हणजे हवी ती वस्तू डेटाबेसमध्ये नाही, −३ म्हणजे डेडलॉकमध्ये (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसली की) तुमचा बळी गेला, −४ म्हणजे परवानगी नाही. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर याच मुळातून १९८९ मध्ये ओएस/२ वर आला आणि हा वारसा घेऊनच वाढला.

खरी ठेच लागते ती या घराण्यातच. बरेचदा एखादा इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद घालणारं विधान, फसला तर फक्त तेवढंच विधान रद्द होई आणि प्रोसीजर पुढच्या ओळीवर चालू लागे. म्हणजे नोंद पडली नाही, शिल्लक मात्र वाढली, आणि शेवटच्या ओळीवर शांतपणे रिटर्न ०! हे टाळायला प्रत्येक विधानानंतर @@एरर, म्हणजे आधीच्या विधानाच्या चुकीचा आकडा, तपासायचं, आणि तेही लगेच. मधे दुसरं काहीही चाललं, अगदी तपासणीची इफ जरी चालली, तरी तो आकडा पुन्हा शून्यावर येई. म्हणून जुन्या कोडमध्ये दर दोन ओळींनी तो एका चलात उतरवून घेतलेला दिसतो. असा कोड कंटाळवाणा दिसतो, पण ज्याने तो निष्ठेने लिहिला त्याच्याविषयी मला आदर वाटतो.

शिवाय एसक्यूएल सर्व्हर रिटर्न कोड पाठवतो तो सगळे निकाल पाठवून झाल्यावर. प्रोग्रामने पहिल्या काही ओळी वाचून रीडर (निकाल वाचणारी वस्तू) बंद करायच्या आधीच कोड विचारला, तर हाती काही लागत नाही. काम करणारा मुलगा म्हणतो ‘कोड येत नाही’, आणि तो खरंच बोलत असतो.

ओरॅकलने वेगळी वाट धरली. तिच्या पीएल/एसक्यूएल भाषेने अडा या भाषेकडून एक्सेप्शन, म्हणजे आकडा परत देण्याऐवजी चूक थेट वर फेकायची पद्धत, उचललं आणि १९९२ च्या ओरॅकल ७ पासून डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोसीजरलाही ते मिळालं. चूक झाली की काम तिथेच थांबतं आणि बोलावणाऱ्याला तिची दखल घ्यावीच लागते. स्वतःच्या चुकांसाठी −२०००० ते −२०९९९ हे आकडे मोकळे ठेवले. अर्थात ‘व्हेन अदर्स देन नल’ (कुठलीही चूक आली तरी काही करू नको) लिहून चूक गिळणारे तिथेही निघाले. इतके, की ११जी आवृत्तीपासून कंपायलरच त्यावर इशारा देऊ लागला. १९९६ च्या एसक्यूएल/पीएसएम प्रमाणकात चूक झेलणारे हँडलर आले, आणि मायक्रोसॉफ्टकडे चूक झेलणारं ट्राय-कॅच २००५ मध्ये, ती फेकणारं थ्रो २०१२ मध्ये.

मग रिटर्न कोड टाकून द्यायचा का? माझ्या मते नाही, त्याचं काम मात्र नीट ठरवायला हवं. खातं बंद आहे, मर्यादा ओलांडली, हप्ता आधीच भरलाय, ही धंद्यातली रोजची उत्तरं आहेत आणि ती कोडने सांगावीत. डिस्क भरली, डेडलॉक झाला, नियम मोडला, तर एक्सेप्शनच हवं. दोन्ही एकाच −१ मध्ये कोंबले की काउंटरवरच्या माणसाला खातेदाराला काय सांगायचं ते कळत नाही.

पणजीतले काही जण आता एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसकडे वळताहेत. तिथे प्रोसीजर आल्या त्याच २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत, आणि त्यांना पूर्णांकाचा रिटर्न कोड नाहीच. जुना आकडा हवाच असेल तर तो आउट किंवा इनआउट पॅरामीटरमधून, म्हणजे बोलावणाऱ्याला किंमत परत देणाऱ्या चलातून, न्यावा लागतो. म्हणून स्थलांतराच्या वेळी प्रत्येक जुन्या ‘रिटर्न −१’पाशी थांबून बघावं लागतं, की ते खातेदाराला द्यायचं उत्तर होतं की दाबून ठेवलेली चूक.