जावर खाणक्षेत्र

जावर : राजस्थानातील प्राचीन खाणक्षेत्र. उदयपूरच्या दक्षिणेस सु. ४० किमी.वर, अरवलीच्या डोंगररांगेत, टीडी नदीच्या खोऱ्यात ते आहे. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला आणि बरोई या डोंगरांमध्ये जस्त व शिसे यांचे धातुक (धातू ज्यातून मिळतो ते खनिज) सापडते.

येथील खनिजे मुख्यतः डोलोमाइट खडकात आहेत. स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड), गॅलेना (शिशाचे सल्फाइड) आणि पायराइट (लोहाचे सल्फाइड) ही एकमेकांत मिसळून आढळतात. चांदी बहुतांशी गॅलेनाबरोबर येते, तर कॅडमियम स्फॅलेराइटमध्ये असते. हे मिश्रण जुन्या कारागिरांच्या दृष्टीने त्रासाचेच होते. जस्ताच्या मुशीत (धातू गाळण्याच्या मातीच्या भांड्यात) शिसे राहिले तर त्याचे ऑक्साइड मुशीची माती वितळवते आणि मूस गळते. त्यामुळे धातुक फोडून, हाताने निवडून घ्यावे लागे.

खोदकाम आगीच्या साहाय्याने होई. खडकाला लागून लाकडे रचून पेटवत. तापलेला पृष्ठभाग तडकला की लोखंडी छिन्नी-पहारींनी तो उकलत. जुन्या पोकळ्यांच्या भिंती गोलसर, गुळगुळीत आणि काजळीने काळवंडलेल्या दिसतात त्या यामुळेच. या पद्धतीत लाकूड अमाप लागते, शिवाय धूर निघून जाईपर्यंत आत काम करता येत नाही. खाणींत टिकून राहिलेल्या लाकडांचे रेडिओकार्बन वय दोन हजार वर्षांपलीकडे जाते. पण खाणकामाचे वय म्हणजे जस्त गाळण्याचे वय नव्हे, ही गल्लत अनेक लेखनांत होते. उत्खननात मिळालेल्या जस्ताच्या भट्ट्या मध्ययुगीन आहेत.

जावरचे महत्त्व या भट्ट्यांत आहे. जस्ताच्या ऑक्साइडचे कोळशाने क्षपण होण्यास (म्हणजे त्यातील ऑक्सिजन निघून धातू मोकळा होण्यास) सु. १,००० अंश सें.हून अधिक उष्णता लागते, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू तयार होतो तोच वाफेच्या रूपात. या वाफेला हवा लागली की तिचे पुन्हा पांढरे ऑक्साइड होते. जावरच्या कारागिरांनी यावर उपाय म्हणून वाफ खाली उतरवली. भाजून गंधक घालवलेले धातुक, कोळसा, डोलोमाइट आणि मीठ यांच्या गोळ्या करून वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरत. तोंडाशी मातीची नळी लिंपून बसवत व तिच्यातून एक काडी आत खुपसत. मूस उलटी ठेवली तरी काडीमुळे गोळ्या खाली पडत नसत. पुढे काडी जळून गेली की वाफेला वाट मोकळी होई.

अशा ३६ मुशा, सहा ओळींत सहा, भोके असलेल्या मातीच्या जाळीवर उलट्या ठेवत. वर आगीचा कक्ष, खाली थंड कक्ष. नळ्या जाळीतून खाली निघत आणि तिथे द्रव जस्त गोळा होई. लहान भोकांतून राख गळे. सात भट्ट्या एका ओळीत असत, म्हणजे एका वेळी २५२ मुशा चालत. खालचा कक्ष जस्ताच्या द्रवणांकाखाली, म्हणजे ४१९ अंशांखाली गेला तर वाफेची भुकटी होई. फार तापला तर वाफेचे द्रव होतच नसे. भाजणी अर्धवट राहिली तर उरलेल्या सल्फाइडचे कोळशाने क्षपण होत नाही आणि तेवढे जस्त मुशीतच वाया जाते.

मूस एकदाच वापरता येई. टाकून दिलेल्या मुशांचे ढीग परिसरभर पसरले आहेत आणि गावातल्या जुन्या भिंतींतही त्या विटांसारख्या रचलेल्या आहेत. १९८० च्या दशकात हिंदुस्थान झिंक ही खाण कंपनी, ब्रिटिश म्युझियम व बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून येथे संशोधन केले. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये पेटंट घेतलेली पद्धतही वाफ खाली उतरवण्याचीच होती, पण ती जावरहून गेली याचा थेट पुरावा नाही.

मेवाडच्या महाराणांच्या काळी जावर हे भरभराटीचे गाव होते. जावरमातेचे देऊळ, जैन मंदिरे आणि महाराणा कुंभाची कन्या रमाबाई हिने बांधविलेले मंदिर व कुंड या वैभवाची साक्ष देतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत काम थंडावले. विसाव्या शतकात चाळिशीच्या दशकात खाणींना पुन्हा चालना मिळाली आणि १९६६ मध्ये त्या हिंदुस्थान झिंककडे आल्या. आज धातुक भूमिगत खाणींतून काढतात, दळून फेसावर तरंगवून जस्त व शिसे वेगळे करतात आणि हा समृद्ध माल गाळण्यासाठी इतरत्र पाठवतात.