दार हळू उघडलं की जास्त का करकरतं?

रात्रीचा एक वाजलेला. ठाणे स्टेशनवरून रिक्षाने ऐरोलीला यायचं, चपला हातात घ्यायच्या आणि दार अगदी अलगद ढकलायचं. नेमकं तेव्हाच ते असं करकरतं की आतून हाक येते, "आलास का रे?" सकाळी कचरेवाल्याची बेल वाजली की आई तेच दार खसकन उघडते, तेव्हा मात्र हूं नाही की चूं नाही.

ही खोडी घर्षणाची. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, एकदा सरकू लागली की कमी पुरतो. दार हळू ढकललं की बिजागरीची नळी तिच्या आतल्या उभ्या खिळ्याला अडकते, जोर साठतो, धातू किंचित पिळवटतो, मग नळी एकदम सुटते, जराशी सरकते आणि पुन्हा अडकते. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की त्याचा आवाज होतो. व्हायोलिनच्या तारेवर राळ लावलेला गज फिरतो तेव्हाही हेच घडतं. तारेची ही चाल जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात मांडली आहे. बिजागरी बोटभर, पण तिला जोडलेलं अख्खं दार तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं तो आवाज मोठा करतं. जोरात उघडलं तर नळीला अडकायला फुरसतच मिळत नाही.

त्यात आमची खाडीकाठची खारट, दमट हवा. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आधीच अरुंद असलेली फट भरून जाते.

घरोघरी पहिला हात जातो तो फोडणीच्या तेलाकडे. महिनाभर शांतता मिळते, नाही असं नाही. पण हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू चिकट होतं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवरचा तो पिवळा राप आठवा, तोच बिजागरीत बसतो आणि वर धूळ धरतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे जानेवारीत पंचाईत. शिलाई मशीनचं तेल उत्तम. आपल्याकडे बऱ्याच बिजागऱ्यांचा खिळा निघत नाही, म्हणून वरून दोन-तीन थेंब सोडायचे आणि दार वीसेक वेळा उघडझाप करायचं. खालून काळं पाणी ओघळतं, तो गंजाचा चुरा. फडक्याने टिपून आणखी एक थेंब.

तेल नसेल तर शिसपेन्सिलीचं टोक किसून ती भुकटी सांधीत भरा. पेन्सिलीत शिसं नसतंच, असतं ग्राफाइट. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, आणि त्यासाठी हवेत थोडी ओल असावी लागते. ती ऐरोलीत फुकट आहे.

एवढं करूनही करकर राहिली तर वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. एखादा ढिला झाला की दार कलतं आणि खिळा एकाच बाजूने घासतो. भोक सैल झालं असेल तर आगकाडीचं गुल मोडून, काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायची, वाळू द्यायची, मग स्क्रू आवळायचा. आमच्या दारात अशा तीन काड्या आहेत.