गाळलेल्या शब्दांची गोष्ट (व्याकरणखेळ)

शब्दांच्या जाती, लिंग, वचन आणि विभक्ती मुलांना खेळातून शिकवण्याची एक रीत. एका छोट्या गोष्टीतले काही शब्द आधीच गाळलेले असतात. गोष्ट मुलांना दाखवली जात नाही. फक्त ‘एक नाम सांगा’, ‘एक विशेषण सांगा’ अशी मागणी होते. मिळालेले शब्द जागच्या जागी बसवून गोष्ट मोठ्याने वाचली की ती हमखास वेडीवाकडी होते आणि वर्गात हशा पिकतो.

पाठ्यपुस्तकातल्या ‘रिकाम्या जागा भरा’पासून हा प्रकार वेगळा काढायला हवा. तिथे वाक्य डोळ्यांसमोर असते आणि उत्तर बहुधा एकच असते. इथे संदर्भ लपवलेला असतो, त्यामुळे मुलाला हाताशी फक्त शब्दाची जात उरते. ‘विशेषण सांग’ म्हटल्यावर ‘पळणे’ सांगणाऱ्याची चूक शिक्षकाला दाखवावी लागत नाही, वाचताना ती आपोआप उघडी पडते.

छापील खेळ म्हणून हा प्रकार अमेरिकेत रूढ झाला. लेनर्ड स्टर्न आणि रॉजर प्राइस यांना त्याची कल्पना 1953 मध्ये सुचली आणि ‘मॅड लिब्ज’ या नावाने पहिले पुस्तक 1958 मध्ये निघाले. मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी ठरावीक अंतराने शब्द गाळायची विल्सन टेलर यांची क्लोज चाचणीही 1953 चीच, पण तिचा हेतू अगदी वेगळा होता. ठरलेल्या चौकटीत आपला शब्द बसवणे मराठी माणसाला मात्र नवे नाही. उखाण्यात नाव घेणारी नवरी दुसरे काय करते?

मराठीत हा खेळ आणताना पहिली अडचण इंग्रजी सांगाड्याचीच येते. इंग्रजीत विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही आणि नामालाही विभक्तीचा विकार जवळपास होत नाही, म्हणून कोणताही शब्द कुठल्याही रिकाम्या जागेत तसाच ठेवता येतो. मराठीत एक शब्द बसवला की शेजारचे दोन हलतात. पुढची ओळ पाहा:

‘आजीने बाजारातून एक (विशेषण) (नाम) विकत घेत–––.’

मुलांनी ‘काळा’ आणि ‘म्हैस’ दिले तर ‘काळा’चे ‘काळी’ करावे लागते आणि क्रियापद ‘घेतली’ होते. ‘आंबट’ आणि ‘ढग’ आले तर ‘आंबट’ तसेच राहते, क्रियापद मात्र ‘घेतला’. मोठा, काळा, लांबडा ही आकारान्त विशेषणे बदलतात. लाल, गोड, आंबट बदलत नाहीत. हा नियम फळ्यावर लिहून जितका डोक्यात जातो, त्याहून पक्का तो ‘काळा म्हैस’ ऐकून हसताना जातो. नाम म्हणून एखाद्याने ‘मास्तर’ सुचवले (कोणी तरी सुचवतेच) तर ‘आजीने एक कुरकुरीत मास्तर विकत घेतले’ असे वाचावे लागते आणि आदरार्थी बहुवचनाचा धडा तिथेच होऊन जातो.

खरी गंमत सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना नामाच्या होणाऱ्या बदललेल्या रूपात आहे. रिकाम्या जागेपुढे ‘ला’ छापलेला असेल तर ससा ‘सशाला’ होतो, मासा ‘माशाला’, पाऊस ‘पावसाला’, म्हैस ‘म्हशीला’. आधी ‘मोठा’सारखे आकारान्त विशेषण असेल तर तेही ‘मोठ्या’ होते, मग नाम कोणत्याही लिंगाचे असो: मोठ्या घोड्याला, मोठ्या म्हशीला, मोठ्या झाडाला. शुद्धलेखनही आपसूक आत येते. पूल, गूळ, तीळ यांतला दीर्घ स्वर प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो. सांगलीच्या मुलाने ‘आयर्विन पूलावर’ लिहिले, तर ‘पुलावर’ का, हे सांगायला यापेक्षा बरी संधी मिळणार नाही.

क्रियापदाची रिकामी जागा सर्वांत अवघड, आणि म्हणून सर्वांत उपयोगी. भूतकाळात ‘पळणे’ बसवले तर ‘म्हैस पळाली’; ‘खाणे’ बसवले की कर्ता बदलून ‘म्हशीने’ होतो, आणि क्रियापद आता खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते: पेढा खाल्ला, भाकरी खाल्ली, वांगे खाल्ले. म्हणजे पुढे बसवलेला शब्द मागच्या शब्दाचे रूप बदलतो. कर्तरी आणि कर्मणी ही भारदस्त नावे सांगायच्या आधीच मुलांना तो फरक कानाने कळलेला असतो. त्यातही पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदे सकर्मक असून ‘ने’ मागत नाहीत. ‘म्हैस पाणी प्यायली’च. सुरुवातीला शिक्षकाने ती टाळलेली बरी.

मराठीच्या आठ शब्दजातींची मांडणी दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 च्या व्याकरणापासून शालेय शिक्षणात रुळली आणि मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या ग्रंथात तिची कसून चिकित्सा झाली. आठही जाती खेळाला सारख्या मानवत नाहीत. उभयान्वयी अव्यये फारच थोडी, त्यामुळे ‘आणि’, ‘पण’ यांच्यापुढे मुले जात नाहीत. क्रियाविशेषणे (धाडकन, हळूच, परवा) बहुधा न बदलता बसतात. केवलप्रयोगी अव्ययांचा (अरेरे, वाहवा अशा उद्गारांचा) साठा मुलांकडे भरपूर असतो, फक्त त्यातली काही फळ्यावर लिहिण्याजोगी नसतात.

सातारा-सांगली भागात हा खेळ घेताना गावांची नावे आयतीच उपयोगी पडतात. ‘आम्ही –––त उतरलो’ या ओळीत सातारा ‘साताऱ्यात’ होतो, विटा ‘विट्यात’, मिरज ‘मिरजेत’, तर वाई आणि सांगली जशीच्या तशी राहतात. एसटीच्या पाट्यांवरची चार-पाच नावे घेतली तरी सामान्यरूपाचे बहुतेक नमुने हाती येतात. जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांतल्या कमी पटाच्या शाळांत वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसतात. तिथे लहानांनी शब्द द्यायचे आणि मोठ्यांनी त्यांची रूपे जुळवायची, अशी वाटणी चांगली जमते.

बोलीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. सांगली-कोल्हापूरकडे मुलीही सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. ते घरचे, योग्यच बोलणे आहे. गोष्टीत मात्र ‘आले’, ‘जाते’ लिहायचे. बोलीला चूक ठरवले की मूल पुढचा शब्द द्यायला तोंडच उघडत नाही. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचे शब्द आणखी निराळे असतात, आणि गोष्ट त्यांनी खुलतेच. जत तालुक्यातल्या कन्नड घरांतल्या मुलांची अडचण वेगळी. कन्नडमध्ये ढोबळमानाने माणसांखेरीज सारे नपुंसकलिंगी, आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. मराठीत मात्र भिंत ‘ती’, दगड ‘तो’ आणि दार ‘ते’, यामागे कोणतेही कारण सांगता येत नाही. अशा मुलांकडून एकच चौकट नामे बदलून अनेकदा वाचून घेणे हाच उपाय दिसतो.

गोष्ट आठ-दहा ओळींची आणि चौकट साधी असावी. गाळलेल्या जागा फार झाल्या की कथानकच उरत नाही आणि विनोदही पडतो. भाववाचक नाम मागितले की मुले बहुतेक विशेषणच देतात, म्हणून ते ‘गोड–गोडवा’, ‘शूर–शौर्य’ अशा जोड्या झाल्यावरच मागावे. विशेषनामाच्या जागी वर्गातल्या मुलाचे नाव घेऊ देऊ नये. ‘वेंधळा’ किंवा ‘जाडा’ हे विशेषण त्याच्या वाट्याला आले तर ते चिडवण्याचे नाव होऊन बसते; त्यापेक्षा नदी, डोंगर, किल्ला यांचे नाव मागावे.