झाडं छाटायचा धंदा काढताय? सातारा-सांगलीत कुठली कागदं लागतात, परवानगी कुणाची घ्यायची, सगळं एका ठिकाणी

वळवाचे दोन-तीन झोडपे पडले की आमचा फोन थांबत नाही. पत्र्यावर आलेला गुलमोहर, शेजाऱ्याच्या गॅलरीकडं झुकलेला नारळ, तारेत घुसलेली चिंच, कंपाउंड फोडणारा पिंपळ. सातारा, कोरेगाव, कराड या पट्ट्यात मी हे काम करतोय, अधूनमधून सांगली-मिरजेलाही जाणं होतं, आणि हल्ली बरीच पोरं कटर मशीन घेऊन यात उतरतायत, चांगलंच आहे ते, पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "दादा, याचं लायसन कुठं मिळतं?"

एक लायसन काढलं आणि कुठलंही झाड तोडायला मोकळे झालो, असं नसतंय. दोन वेगळ्या फायली करायच्या. एक धंद्याची, तुमच्या नावावर, ती एकदाच होते. दुसरी झाडाची, ती झाडमालकाच्या नावावर आणि दर कामाला नवी. पहिली फाईल कितीही भारी असू द्या, दुसरी हातात नसेल तर मशीन सुरू करायचं नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका सोसायटीच्या पदाधिकाऱ्यानं सांगितलं, परवानगी झालीय, करा सुरू. मी कागद मागितला तर त्यानं शिक्का मारलेला एक कागद लांबनंच दाखवला, मी पण वाचला नाही. दोन मोठ्या फांद्या खाली आल्या तोवर शेजारच्या बिल्डिंगमधनं तक्रार गेली, माणसं आली, पंचनामा झाला आणि तेव्हा कळलं की तो कागद अर्जाची पोच होती. परवानगी आलीच नव्हती. मशीन महिनाभर अडकलं, ऐन सीझनमध्ये. म्हणून सांगतो, पोच म्हणजे परवानगी नव्हे. परवानगीच्या पत्रावर जावक क्रमांक, तारीख, झाडाची जात, संख्या, जागा आणि छाटणी का पूर्ण तोड हे लिहिलेलं असतं, ते सगळं स्वतः वाचायचं.

धंद्याची फाईल

ही सोपी आहे. आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो, जागेचा पुरावा (घरातनंच धंदा करत असाल तर घरपट्टी किंवा लाईट बिल चालतं), एवढं जवळ ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, पहिल्यांदा करा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, आधारला मोबाईल लिंक पाहिजे, आणि ती पूर्ण फुकट आहे. पैसे घेऊन करून देणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या वेबसाईट खूप आहेत, त्यांच्या नादी लागू नका. धंद्याचा कोड विचारतात तिथं ८१३०० टाका, बाग-झाडांची निगा आणि देखभाल सेवा यात येते.

मग शॉप अ‍ॅक्ट. हा दुकानं-आस्थापनांचा २०१७ चा कायदा, त्यात वीसपेक्षा कमी माणसं (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामाला असतील तर नोंदणी लागत नाही, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती घ्यायची. बँकेत करंट खातं काढायला ही पावती आणि उद्यम सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी चालतं. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये आहे, लोक हा विसरतात आणि मग व्याजासकट भरत बसतात. जीएसटी सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागतो, पण सरकारी किंवा मोठ्या कंपनीचं काम घ्यायचं असेल तर आधीच मागतात.

नगरपालिका, मनपा पावसाळ्याआधी छाटणीची कामं काढतात. छोटं काम दरपत्रकावर मिळतं, मोठ्याला महाटेंडर्स पोर्टलवर ई-टेंडर भरावं लागतं आणि त्याला क्लास ३ ची डिजिटल सही लागते. बिलातनं एकट्या मालकाच्या धंद्याला १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, रिटर्न भरलं की तो हिशोबात धरला जातो. पहिल्या वर्षी टेंडरच्या मागं धावू नका असं माझं मत, बिल निघायला वेळ लागतो आणि मजुरांचा पगार शनिवारी द्यायचा असतो.

विमा, यावर जरा थांबा

झाडावर चढलेला माणूस पडला तर एका क्षणात दोन घरं बसतात, त्याचं आणि तुमचं. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या, एजंट लोक तिला अजून वर्कमेन पॉलिसी म्हणतात. ती घेताना कामाचं स्वरूप नीट लिहून घ्या. हप्ता कमी बसावा म्हणून एजंट "बागकाम" लिहितो, आणि माणूस ३० फुटावरनं पडल्यावर कंपनी म्हणते हे बागकामात बसत नाही. "उंचीवर चढून झाडांची छाटणी व तोड, चेनसॉचा वापर" असे शब्द पॉलिसीत पाहिजेत, आणि मजुरी खरी दाखवा, कारण भरपाई मजुरीवर ठरते.

दुसरी पॉलिसी थर्ड पार्टीची, म्हणजे फांदी कुणाच्या गाडीवर, कौलावर, माणसावर पडली तर. लहान धंदेवाले ही घेतच नाहीत, पण माझ्या मते पहिल्या मशीनच्या आधी ही घ्यावी.

आणि प्रत्येक मजुराचं प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं खातं चालू आहे का बघा. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. १ जून ते ३१ मे असं त्याचं वर्ष असतं आणि पैसे खात्यातनं आपोआप कापले जातात, म्हणून मे महिन्यात प्रत्येकाच्या खात्यात थोडे पैसे आहेत याची खात्री करा. आमच्या गँगची मी स्वतः बघतो. १६ ते ५९ वयाच्या मजुरांचं ई-श्रम कार्डही (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदीचं) काढून घ्या, तेही फुकट आहे.

आता झाडाची फाईल

झाड कुठं उभं आहे यावर कायदा ठरतो, म्हणून गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हाच विचारा, घरपट्टी कुठं भरता?

नगरपालिका किंवा महानगरपालिकेत भरत असेल तर १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो. सातारा, कराड, वाई, फलटण, तासगाव, विटा, सगळं यात आलं, आणि सांगली-मिरज-कुपवाड मनपा तर आहेच. साताऱ्याची हद्द २०२० मध्ये वाढली, शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर पालिकेत आले, पण तिथली काही मंडळी अजून "आमची ग्रामपंचायत हाय" म्हणूनच बोलतात, तेव्हा घरपट्टीची पावती हातात घेऊन बघा.

या कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातनं कापणं असं नाही. जाळणं, कापणं किंवा झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं तोडण्यात येतं. त्यामुळं "आम्ही नुसती छाटणी करतोय" हे उत्तर चालत नाही, छाटणीलाही लेखी परवानगी घ्यायची. झाड गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या अंगणातलं असलं तरी.

अर्ज पालिकेच्या किंवा मनपाच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावानं, मालकाच्या सहीनं. तुम्ही तो लिहून देऊ शकता, नेऊन देऊ शकता, सही मालकाचीच. सोबत प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, घरपट्टीची पावती, आधार, जागेचा हातानं काढलेला नकाशा ज्यात घर, रस्ता आणि झाड कुठं ते दिसेल, आणि झाडाचे चारी बाजूंनी फोटो, त्यातल्या एकात मागं घर दिसलं पाहिजे. सोसायटी असेल तर ठरावाची प्रत. झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची संमती आधी घ्या, नाहीतर तक्रार तिथूनच येते. बांधकामासाठी तोडायचं असेल तर मंजूर नकाशा लागतो.

अर्जात जात, अंदाजे वय आणि बुंध्याचा घेर लिहा. घेर जमिनीपासनं साधारण साडेचार फुटांवर टेपनं मोजायचा. वय अंदाजपंचे ठोकू नका, २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्षात, म्हणजे खास जपायच्या जुन्या झाडांत येतं आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची हेही त्याच्या वयावर ठरतं, म्हणजे ३० वर्षांचं झाड तोडलं तर ३०. बऱ्याच गिऱ्हाईकांना हे सांगितलं की ते तोडायचा विचार सोडून नुसत्या छाटणीवर येतात आणि मला ते मनापासून आवडतं.

कारण एका ओळीत संपवू नका. "झाड धोकादायक आहे" एवढंच लिहिलेले अर्ज मागं पडतात. "बुंध्याला पूर्वेकडून दोन फूट खोल ढोली, मुळाशी माती उचललेली, झाड घराकडं झुकलेलं" असं लिहा, फोटोत ते दाखवा. पूर्ण तोडीच्या अर्जावर जागेची पाहणी होते, झाडावर आणि पेपरात नोटीस लागते, लोकांच्या हरकती घेतात. म्हणून गिऱ्हाईकाला "आठवड्यात करून देतो" असला शब्द कधी देऊ नका. झाड खरंच आज-उद्या पडेल असं असलं तर फोटोसकट स्वतंत्र पत्र घेऊन थेट वृक्ष अधिकाऱ्याला भेटा आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर या.

ग्रामपंचायत हद्दीत १९६४ चा झाडतोडीचा कायदा बघायचा. त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, हळदू, तिवस, बिजा अशी झाडं आहेत. शेतकऱ्याला वाटतं, आंबा माझ्या आज्यानं लावलाय, त्याला कुणाला काय विचारायचं. विचारावंच लागतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या ऑफिसात सातबारा, आठ-अ, नकाशा, आधार आणि झाडांची यादी घेऊन जा, सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्यांची संमती लागते, आणि कामं अडतात ती इथंच, एक भाऊ मुंबईला, बहीण पुण्याला. चंदनाचं काम कुणी सांगितलं तर मी घेतच नाही.

महाबळेश्वर-पाचगणीचा विषय एकदम वेगळा. तो सगळा भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्ग जपायला खास नियम लावलेला भाग आहे आणि तिथं खाजगी जागेतलं झाड तोडायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बंगलेवाले पुण्या-मुंबईचे असतात, घाईत असतात, दर चांगला सांगतात. कागद नसेल तर घाट उतरून परत या.

रस्त्याकडेचं झाड समोरच्या दुकानदाराचं नसतं. रस्ता बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा का पालिकेचा ते आधी काढा, अर्ज त्या खात्याकडनं जायला पाहिजे. मिरज तालुक्यात भोसे गावातला जुना वड आठवत असेल, २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि हायवेची आखणी त्या वडासाठी बदलली, पुढं २०२२ च्या पावसात तो कोसळला. एवढ्या जुन्या झाडाचं काम आलं तर आधी जाणकाराकडनं तपासून घ्या, मग फांद्यांचं ठरवा.

लाकूड नेताना परत एक कागद. वखारीला किंवा दुसऱ्या गावाला लाकूड न्यायचं तर त्या जातीला वाहतूक पास लागतो का हे वन विभागात विचारा, ट्रॅक्टर भरायच्या आधी विचारा. लाकूड कुणाचं राहणार हेही कोटेशनमध्येच लिहा, यावरनं भांडणं होतात.

तारा आणि घरटी

तारेजवळचं झाड असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात मालकाचं लेखी पत्र द्या, तारीख-वेळ ठरवून घ्या आणि त्यांचा माणूस जागेवर येऊन लाइन बंद करून अर्थिंग करेल तेव्हाच वर चढा. "लाइन बंद केलीय" असा फोन आला म्हणून चढू नका. एखाद्या घरातला जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर बंद लाइनमध्ये पण उलटा करंट येतो. ओली फांदी ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेजवळ गेली तरी झटका बसू शकतो. तार तुटलेली दिसली तर १९१२ ला फोन करा आणि लोकांना लांब ठेवा.

घरट्यांचंही तसंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपाखरांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हे शिकारीत धरतात. पावसाळ्याच्या तोंडावर बगळ्यांच्या वसाहती असतात तेव्हा खालनं नीट बघा, पिल्लं असतील तर गिऱ्हाईकाला पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हणून सांगा, आजवर बहुतेकांनी ऐकलंय. आग्यामोहळ असलेल्या झाडाला कटर लावायचा नाही.

कर्जाचं थोडक्यात

मशीन, दोर, बेल्ट, हेल्मेट एवढ्यासाठी सरकारी मुद्रा योजनेचं कर्ज पुरतं, शिशु ५० हजारांपर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत. गाडी-क्रेनचा विचार असेल तर पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, कर्ज आणि अनुदान) आहे, सेवा धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प, खुल्या गटाला शहरात १५ आणि गावात २५ टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांना २५ आणि ३५. वय १८ पूर्ण, प्रकल्प ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास. पण हे फक्त नव्या धंद्याला मिळतं, चालू धंद्याला नाही, त्यामुळं काही सुरू करायच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन अर्ज चालू आहेत का ते विचारा.

कामाच्या दिवशी परवानगीची झेरॉक्स माझ्या खिशात आणि एक प्रत गेटवर चिकटवलेली असते, तक्रार करायला आलेला माणूस ती वाचतो आणि बहुतेक वेळा शांत होतो. काम झालं की आधीचे-नंतरचे फोटो, आणि बदल्यात लावायची रोपं मी माझ्या दरातच धरतो. खड्डा काढून, रोप लावून, काठी बांधून त्याचा फोटो मालकाच्या सहीनं वृक्ष अधिकाऱ्याकडं देतो. परवानगी घेताना अनामत भरलेली असेल तर ती परत मागायचा अर्जही त्याच दिवशी देऊन टाकायचा.