हेपसिडिन: लोहाच्या हिशेबात यकृत कसं आलं

प्रौढ माणसाच्या शरीरात लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडून त्यांतलं २०-२५ मिलिग्रॅम लोह रोज पुन्हा वापरात येतं. अन्नातून आत येतं ते जेमतेम १-२ मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकायची सोय मात्र शरीरात नाही. रॉबर्ट मॅककॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये हे दाखवलं. तांबड्या पेशी बेसुमार वाढलेल्या रुग्णाला औषध देऊन त्या पेशी मोडल्या, भरपूर लोह सुटं झालं, पण मल-मूत्रातून ते बाहेर पडेना. म्हणजे जे काही आवरायचं, ते शोषतानाच.

ते आवरतं कोण, या प्रश्नात पुढची सहा दशकं गेली. सगळ्यांची नजर आतड्यावर होती आणि ते स्वाभाविकही होतं, कारण शोषण तिथंच होतं. पण रक्तस्राव झाला की शोषण वाढतं, साठा भरला की घटतं. ही खबर आतड्याला देणारं काहीतरी रक्तातून फिरत असणार, एवढं कळत होतं.

ते सापडलं भलतंच शोधताना. २००० मध्ये जर्मनीत रक्तातून आणि २००१ मध्ये लॉस एंजेलिसला टॉमस गान्झ यांच्या गटाला लघवीतून एक छोटं प्रथिन मिळालं. तेच हेपसिडिन. अवघी २५ अमिनो आम्लं, तयार होतं यकृतात. शोध चालला होता जंतू मारणाऱ्या रेणूंचा, त्यामुळे लोहाशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्याच सुमारास फ्रान्समधल्या रेनच्या प्रयोगशाळेत दिसलं, की उंदरांना जादा लोह दिलं की यकृतात याच प्रथिनाचं जनुक जोरात चालतं.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो पॅरिसचा प्रयोग. सोफी व्होलाँ यांचा गट ग्लुकोजशी संबंधित एक जनुक बंद करून उंदीर अभ्यासत होता. त्या उंदरांचं यकृत आणि स्वादुपिंड लोहानं भरून गेलं, प्लीहेत मात्र लोह कमी. ग्लुकोजनं याचा उलगडा होईना. शेवटी शेजारचं हेपसिडिनचं जनुकही मुकं झाल्याचं लक्षात आलं. नको असलेला निकाल बाजूला न सारता त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला, म्हणून २००१ मध्ये गाठ सुटली: लोहाला आवरतं ते हेपसिडिन.

हे घडतं कसं, ते २००४ मध्ये कळलं. पेशीतून लोह रक्तात सोडणारं फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन असतं. हेपसिडिन त्याला चिकटतं, ते पेशीच्या आत ओढलं जातं आणि नष्ट होतं. लोह पेशीतच अडकून पडतं. जंतुसंसर्गात किंवा दीर्घ दाहात इंटरल्यूकिन-६ या निरोप्या प्रथिनामुळे हेपसिडिन वाढतं, म्हणून साठ्यात लोह असूनही अशा रुग्णांचं हिमोग्लोबिन खाली येतं. उलट थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या काही प्रकारांत ते फार कमी असतं आणि रक्त न चढवताही लोह साचत जातं.

भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यामुळे झुरिकच्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये मांडलेले निष्कर्ष आपल्या फार जवळचे आहेत. लोहाची ६० मिलिग्रॅमची किंवा त्याहून मोठी मात्रा घेतली की हेपसिडिन साधारण २४ तास चढं राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. लोह कमी असलेल्या तरुणींनी दिवसाआड गोळी घेतली, तेव्हा प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागलं. आता अनेक डॉक्टर रुग्ण पाहून दिवसाआड गोळी लिहून देतात.